सिलिंडर गावात स्वस्त मिळतो का?

संपादक साहेब,

किमान वेतनातला विशेष भत्ता महागाई बघून वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत बदलतो म्हणे, पण आमच्या वाडीतल्या बायका काजू कारखान्यात किलोवर, म्हणजे जेवढे किलो काम तेवढी मजुरी, असं काम करतात, त्यांच्यापर्यंत तो कधी पोचलाच नाय. वहिनीची बोटं चिकाने काळी पडलीत, आणि संध्याकाळी बाजारात बांगड्याच्या वाट्याचा भाव विचारते नि शेवटी सुकट घेऊन घरी येते (तीपण आता काय स्वस्त राहिली नाय).

वर परत किमान वेतनाची परिमंडळं, म्हणजे भागवार वेगळे दर, शहरात जास्त, गावात कमी. अहो पण सिलिंडर आम्हाला गावचा म्हणून कमीत मिळतो का? उलट रिक्षाभाडं वेगळं. किलोवाल्यांनाही किमान वेतन लागू आहे, एवढं तरी कारखान्याच्या गेटवर मराठीत लिहून लावायला सांगा.

– एक वाचक, रत्नागिरी