रद्द झालेला नाच

सातारा,
रविवार

चि. चिऊ हिस,

अनेक उत्तम आशीर्वाद.

जुन्या इंग्लंडमधल्या हवेलीत घडणाऱ्या तुझ्या प्रेमकादंबरीची दोनशे बारा पाने मी कोपऱ्यावरच्या दुकानातून छापून आणली, कारण पडद्यावर पेन्सिल चालवता येत नाही आणि एकतीस वर्षे इतिहास शिकवल्यावर पेन्सिलीवाचून वाचणे मला जमत नाही. सोबत तू लिहिले होतेस, "आई, कथा अगदी सोज्वळ आहे, निर्धास्त वाच." तुझे बाबा त्यावर हसले, मी मात्र जराशी खट्टू झाले. मी काही सोवळे नेसून पुस्तके वाचत नाही. उलट माझी तक्रार अशी आहे की, चुंबन शेवटच्या प्रकरणापर्यंत राखून ठेवले म्हणजे कथा सोज्वळ झाली असे तू समजतेस, आणि त्याआधी त्या दोघांना काचघरात, तळ्यातल्या होडीत आणि मध्यरात्री ग्रंथालयात असे तीन वेळा एकांतात गाठून देतेस. रीजन्सीच्या काळातील (१८११ ते १८२०) इंग्लंडमध्ये यांतला एक प्रसंग जरी कोणाच्या नजरेस पडला असता, तरी संध्याकाळपर्यंत एक तर त्यांचे लग्न ठरले असते, नाही तर त्या मुलीचे नाव कायमचे खराब झाले असते. तुझी नायिका तिन्ही वेळा केसही न विस्कटता बाहेर येते. त्यामुळे तिला गमावण्यासारखे काही आहे, असे वाचकाला वाटतच नाही.

हे एकांत काढून टाक. त्यांच्यावाचून अडणार नाही, कारण हाउस पार्टीची, म्हणजे पाहुण्यांनी हवेलीत कित्येक दिवस मुक्काम करण्याची, रीतच अशी होती की, एकांत न देताही ती माणसाला माणूस दाखवी. उन्हाळ्यात संसदेचे अधिवेशन संपले की सरदार आणि जमीनदार लंडन सोडून आपापल्या गावी जात. १ सप्टेंबरला तितराची आणि १ ऑक्टोबरला फेझंटची शिकार खुली झाली की मोठ्या हवेल्यांतून पाहुण्यांची रीघ लागे. सकाळी दहाच्या सुमारास न्याहारी होई, मग पुरुष बंदुका घेऊन रानात जात ते अंधार पडताना परतत, आणि बायका पत्रे लिहिणे, भरतकाम, फेरफटका, शेजारच्या घरी भेट यांत दिवस काढत. मुख्य जेवण संध्याकाळी सहा-सातला. ते आटोपल्यावर यजमानीण उठली की सगळ्या स्त्रिया तिच्यामागून दिवाणखान्यात जात, पुरुष पोर्ट वाइनचे पेले घेऊन मागे रेंगाळत, आणि मग चहा, पत्ते, पियानो. म्हणजे तुझ्या नायक-नायिकेच्या वाट्याला न्याहारीची घटका आणि रात्रीचे दोन-तीन तास येतात, तेही वीस डोळ्यांसमोर. पण ते रोज येतात, आणि सलग पंधरा दिवस येतात. लंडनच्या नाचात एका जोडीदाराबरोबर दोनदा नाचता येई, तिसऱ्यांदा नाचले की कुजबुज सुरू होई. तेवढ्यात मुलगी काय पारखणार? इथे मात्र पत्त्यांत हरल्यावर त्याचा चेहरा कसा होतो, बहिऱ्या आत्याबाईंशी तो किती वेळा तेच वाक्य न कंटाळता बोलतो, चिखलाचे बूट काढून घेणाऱ्या पोराला तो नावाने हाक मारतो की नुसते पाय पुढे करतो, हे सगळे तिला दिसते. तुझ्या दोनशे बारा पानांत ती त्याला एकदाही न्याहाळत नाही. ती फक्त त्याला सापडते.

(बावन्नाव्या पानावर हिरवळीवर दुपारी चार वाजता सँडविच आणि केकसह चहा मांडला आहेस, तो उचलून ठेव. ती दुपारच्या चहाची पद्धत बेडफर्डच्या डचेसमुळे १८४० च्या सुमारास रूढ झाली. आणि नायकाला ड्यूक करण्याचा मोह आवर. राजघराण्याबाहेरचे ड्यूक साऱ्या ब्रिटनमध्ये तीसच्या आसपास होते. त्यांतला तरुण, देखणा आणि अविवाहित शोधायचा म्हणजे गवताच्या गंजीत सुई. ड्यूकच्या दोन पायऱ्या खालचा साधा अर्ल पुरे.)

अर्लच ठेव असे म्हणण्यामागे माझा आणखी एक डाव आहे. तुझ्या कथेत नायक नायिकेला गुपचूप चिठ्ठ्या पाठवतो. लग्न ठरलेले नसताना तरुण मुलगा आणि मुलगी यांनी एकमेकांना पत्र लिहिणे तेव्हा रीतीत बसत नव्हते. पत्राचा मार्ग तू धरलास हे मात्र बरोबर, फक्त पत्र वेगळे हवे. त्या काळी टपालखर्च पाठवणाऱ्याने नव्हे, तर ज्याला पत्र पोहोचे त्याने द्यायचा असे. ऐंशी ते एकशेवीस मैलांच्या अंतराला एका कागदाचे ९ पेन्स पडत, दुसरा कागद घातला की दुप्पट, म्हणून लोक पाकीट न वापरता कागदच दुमडून मोहोर लावत आणि जागा संपली की लिहिलेल्या ओळींवर आडवे लिहीत. पण लॉर्ड (यांत अर्लही आले) आणि खासदार यांना पत्र फुकट पाठवण्याची सवलत होती. त्यासाठी १७८४ पासून अट अशी होती की, संपूर्ण पत्ता आणि तारीख त्यांनी स्वतःच्या हाताने लिहायची. त्यामुळे अशा घरात एखादा लॉर्ड पाहुणा असला की न्याहारीनंतर बायका आपापली पत्रे घेऊन त्याच्याभोवती गोळा होत.

आता बघ. तुझी नायिका दूरच्या गावी असलेल्या, अडचणीतल्या बहिणीला रोज लिहिते, आणि बहिणीला ते ९ पेन्स जड आहेत. पहिल्या दिवशी ती संकोचून मागे उभी राहते. तिसऱ्या दिवशी तो आपण होऊन हात पुढे करतो. सहाव्या दिवशी त्याला पत्ता विचारावा लागत नाही, तो बोलता बोलता पाठ लिहून मोकळा होतो, टाक झटकून वाळू टाकतो आणि कागद तिच्याकडे सरकवतो. सगळ्या खोलीसमोर. तिला एवढेच दिसते की, तिच्या बहिणीच्या गावाच्या नावाचे अवघड स्पेलिंग त्याने बरोबर लिहिले आहे. मला तर वाटते की, होडीच्या अख्ख्या प्रकरणापेक्षा हे जास्त धोक्याचे आहे.

आता मुख्य चूक. तुझी पार्टी ऑक्टोबर १८१७ च्या अखेरीस सुरू होते आणि १५ नोव्हेंबरच्या भव्य नाचाने संपते. तिथे नायिका पिवळा रेशमी गाऊन घालून वॉल्ट्झ नाचते. वॉल्ट्झचे, म्हणजे जोडीने एकमेकांना धरून गिरक्या घेण्याच्या नाचाचे, एक वेळ चालेल. १८१६ च्या जुलैत खुद्द प्रिन्स रीजंटच्या, म्हणजे आजारी राजाच्या वतीने कारभार पाहणाऱ्या युवराजाच्या, घरच्या नाचात तो झाला होता आणि 'द टाइम्स'ने त्यावर आगपाखड केली होती, तेव्हा म्हाताऱ्यांनी नाके मुरडली म्हणजे झाले. पण त्या आठवड्यात कोणत्याही सभ्य घरात नाच होणे शक्य नव्हते. रीजंटची एकुलती एक औरस मुलगी, गादीची वारस शार्लट, ६ नोव्हेंबर १८१७ च्या पहाटे बाळंतपणात गेली. मूल आदल्या रात्री मृतच जन्मले होते. ती एकवीस वर्षांची होती. हिनेच १८१४ साली ऑरेंजच्या राजपुत्राशी ठरलेले लग्न स्वतः मोडले होते आणि २ मे १८१६ रोजी लिओपोल्ड या जर्मन राजपुत्राशी, मनाजोगते, लग्न केले होते. सगळा देश काळ्या कपड्यांत गेला, आणि दुकानांतले काळे कापड संपून गेल्याच्या हकिगती आहेत. १९ नोव्हेंबरला विंडसरला तिचा दफनविधी झाला.

ती गेली ते सरी परगण्यातले क्लेअरमाँट हे रॉबर्ट क्लाइव्हने बांधवून घेतलेले घर, म्हणजे आपल्याकडच्या पैशाचे. आणि तारखा शेजारी शेजारी ठेवल्यास, तर ५ नोव्हेंबरला, ती कळा देत असताना, इकडे खडकीची लढाई झाली आणि १७ नोव्हेंबरला शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले. वर्गात मी ही तारीख एकतीस वेळा शिकवली, पण इंग्लंडमधल्या त्याच रात्रीची आठवण मला एकदाही झाली नव्हती. ती तुझ्या चुकीमुळे झाली. तुझ्या कथेत यातले काही आणू नकोस. जहाजाने बातमी पोहोचायला चार-पाच महिने लागत, त्यामुळे तुझ्या दिवाणखान्यात खडकी हे नावसुद्धा कोणाला ठाऊक असण्याचे कारण नाही. मी आपले सांगितले.

सोपा उपाय म्हणजे तारीख महिनाभर मागे ओढणे. मी तुझ्या जागी असते, तर मात्र ती हलवली नसती. पार्टी ऐन भरात असताना टपालगाडीने बातमी येते. नाच रद्द होतो, आणलेले वादक परत जातात, पिवळा गाऊन पेटीत जातो आणि यजमानीण काळ्या कापडासाठी गावात माणूस धाडते, तर दुकानदार निम्मेच देतो. काही पाहुणे निघून जातात, तर काही रस्ते चिखलाचे म्हणून राहतात. पियानोचे झाकण बंद होते. आणि त्या घरातल्या प्रत्येक तरुण मुलीला जे ठाऊक असते पण बोलायचे नसते, ते समोर येऊन उभे राहते: राजाच्या नातीला, हाताशी देशातले नामांकित वैद्य असताना, लग्न एवढ्या किमतीला पडले. तुझ्या नायिकेला तर होकार देताना आणखीही काही द्यावे लागणार आहे. तिचे १० हजार पौंड, ज्यांचे पाच टक्क्यांनी वर्षाला ५०० येतात, लग्नाच्या करारात वेगळे बांधून ठेवले नाहीत तर नवऱ्याचे होणार, कारण विवाहित स्त्रीला स्वतःच्या मालमत्तेचा पुरता हक्क १८८२ च्या कायद्याने मिळाला. तू तिला "मला तुमचा पैसा नको" असे बाणेदार वाक्य दिले आहेस. पैसा तिचाच आहे, बाळा.

अशा घरात रात्री एक गोष्ट रोज घडे. झोपायला जाताना जिन्याच्या पायथ्याशी टेबलावर पितळी शमादाने मांडून ठेवलेली असत आणि जो तो आपली मेणबत्ती पेटवून वर जाई. तू तिकडे शिकत असताना मला डर्बीशरमधल्या एका हवेलीत नेले होतेस, तिथला जिना आठव. खाली केवढा थंडावा होता आणि वर पहिल्या वळणानंतर काहीच दिसत नव्हते. बातमी आली त्या रात्री सगळे गप्पपणे आपापली शमादाने उचलत आहेत. ती शेवटची आहे आणि तिची वात धरत नाही. तो आपल्या ज्योतीवर तिची वात धरतो. मेण जरासे तिच्या बोटावर सांडते, तो काही म्हणत नाही, तीही म्हणत नाही, आणि मागे आत्याबाई खोकतात. एवढे लिही आणि थांब. त्यात वारा, वीज, धडधडते हृदय काही घालू नकोस, तुला ती खोड आहे.

शेवटचा मुद्दा भाषेचा, आणि तो तुलाच मांडता येईल, कारण तू हे मराठीत लिहिते आहेस. इंग्रजीत त्यांच्याकडे सर्वांना एकच सर्वनाम होते. जवळीक कळायची ती नावावरून: लग्न ठरेपर्यंत 'मिस' आणि आडनाव, आणि मग कधी तरी नुसते नाव. तुझ्याजवळ त्याहून बारीक हत्यार आहे, आणि तू ते एकेचाळिसाव्या पानावरच फेकून दिलेस. तिथे तो तिला सहज 'तू' म्हणतो आणि तिला ते खुपतही नाही. त्याला शेवटपर्यंत 'तुम्ही'वर ठेव. मग एकदाच त्याचा तोल जाऊ दे.

आमचे लग्न १९८६ साली ठरले तेव्हा तुझे बाबा नागपूरला होते. साखरपुड्यानंतरच्या चार महिन्यांत त्यांनी मला अकरा आंतर्देशीय पत्रे लिहिली. सगळ्या पत्रांत 'तुम्ही', शिवाय हवापाणी आणि खानावळीतल्या आमटीची तक्रार. सातव्या पत्रात मधल्या घडीजवळ एक शब्द निळ्या शाईने इतका गिरवून खोडला आहे की कागद तिथे पातळ झाला आहे, आणि त्यावर बारीक अक्षरात 'तुम्ही' लिहिले आहे. ते पत्र मी उजेडासमोर धरले होते. त्यांची अजूनही समजूत आहे की मला काही वाचता आले नाही.

एकांताची तिन्ही प्रकरणे मी उभी रेघ मारून बाजूला काढली आहेत, पण फाडलेली नाहीत. आत्याबाई मला फार आवडल्या, त्यांना वाढव. पाने उद्या कुरियरने निघतील. पैसे मी इथेच भरले आहेत, तुला दारात द्यावे लागणार नाहीत.

तुझी,
आई