डायलिसिसचा निकाल एकट्या युरियावर नको: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय आरोग्यमंत्री,
सप्रेम नमस्कार.

मी डायलिसिस तंत्रज्ञ आहे. चार तास संपून रक्त पेशंटच्या अंगात परत गेलं, की डायलायझर, म्हणजे रक्त गाळणारं नळकांडं, काढून मी एकदा उजेडात धरतो. आतले केसासारखे तंतू कधी फिकट गुलाबी दिसतात, कधी त्यांत गोठलेल्या रक्ताच्या काळपट रेघा असतात. मग ते नळकांडं कचऱ्यात जातं. हे पत्र त्या कचऱ्याबद्दलच आहे.

डायलिसिस पुरेसं झालं की नाही, हे आम्ही मुख्यतः रक्तातल्या आधीच्या-नंतरच्या युरियावरून, म्हणजे एका टाकाऊ पदार्थावरून, ठरवतो. युरियाचा रेणू अवघा 60 डाल्टन वजनाचा, तंतूंच्या भिंतीच्या पडद्यातून सहज निसटणारा. बीटा-2 मायक्रोग्लोब्युलिन हे प्रथिन सुमारे 11,800 डाल्टनचं. जुन्या पडद्यांतून ते जवळजवळ जातच नसे, आणि नव्यांतूनही पुरतं जात नाही. मग ते मनगटात, सांध्यांत साचतं. 1985 मध्ये जपानी संशोधकांनी त्या साठ्यातून हेच प्रथिन ओळखलं. युरियाचा रिपोर्ट छान, पण शर्टाचं बटण लावताना बोटं बधिर, असे जुने पेशंट मी पाहिले आहेत. रिपोर्ट दाखवून त्यांची समजूत काढायची मला आता लाज वाटते.

2002 साली निकाल आलेल्या, डायलिसिसच्या पेशंटवरच्या ‘हेमो’ चाचणीत युरिया जास्त काढूनही मृत्यूंचं प्रमाण लक्षणीय घटलं नाही. 2023 च्या ‘कन्व्हिन्स’ या तशाच चाचणीत 1360 पेशंट होते. मोठे रेणूही ओढून काढणाऱ्या हिमोडायफिल्ट्रेशनच्या गटात 17.3 टक्के दगावले, नेहमीच्या डायलिसिसच्या गटात 21.9 टक्के. हा फरक नेमका कशामुळे पडला, हे मात्र त्या आकड्यांतून कळत नाही. इथे प्रथिनांचं विश्लेषण कामाला येतं. मास स्पेक्ट्रोमीटर हे यंत्र एकाच नमुन्यातली शेकडो प्रथिनं ओळखतो. वापरलेले तंतू धुऊन घेतले, तर पडद्याला कोणती प्रथिनं चिकटली, रक्त गोठण्याची किंवा दाहाची साखळी तिथे सुरू झाली का, याचा माग लागतो. पोटात पाणी भरून करायच्या डायलिसिसमध्ये तर सुईसुद्धा टोचावी लागत नाही. पोटातल्या पडद्याची खबर देणारं पाणी पेशंट रोज मोरीत ओततो.

मास स्पेक्ट्रोमीटर प्रत्येक सेंटरला द्या, असं मी म्हणत नाही. नमुना फ्रीजरमध्ये जायला तास-दोन तास उशीर झाला तरी प्रथिनं बदलतात, आणि एका प्रयोगशाळेत सापडलेली खूण दुसरीकडे अनेकदा टिकत नाही. म्हणून आधी नमुने एकाच पद्धतीने घ्यायची शिस्त हवी. निवडक सेंटरांत पेशंटच्या संमतीने रक्त, वापरलेला डायलायझर आणि बाहेर पडणारं पाणी साठवावं, सोबत त्याच्या तब्येतीची पुढची काही वर्षं नोंदवावीत. विश्लेषण एका सामायिक प्रयोगशाळेत व्हावं.

बीटा-2 ची तपासणी मात्र साधी आहे, त्यासाठी या यंत्राची गरज नाही. ती ठरावीक महिन्यांनी युरियासोबत सक्तीची करायला आपला एक आदेश पुरेल. तेवढा तरी आधी काढावा.

आपला,
एक डायलिसिस तंत्रज्ञ