छातीतले पाणी काढले, पण ते कशाने झाले?

महोदय,

छातीत, म्हणजे फुफ्फुसाभोवती, पाणी झालेल्या रुग्णाचे पाणी काढले, की नातेवाइकांचा पहिला प्रश्न असतो, ‘सिस्टर, किती निघालं?’ परिचारिका म्हणून नोकरी केली त्या काळात चंदगड-शाहूवाडीपासून कोल्हापूरला आलेल्या माणसांकडून मी तो सतत ऐकला. उशी कवटाळून पुढे झुकलेल्या रुग्णाच्या पाठीतून सुई आत गेली आणि पिवळसर पाणी बाटलीत उतरू लागले, की सगळ्यांची नजर बाटलीवरच्या खुणांवर खिळत असे. डॉक्टर दीड लिटरच्या आसपास थांबले, तर ‘अर्धंच काढलं’ अशी कुजबुज होई. वास्तविक दबलेले फुफ्फुस एकदम फुगले तर त्यालाच सूज येण्याचा धोका असतो, म्हणून ते थांबतात.

रुग्णाचे पुढे काय होणार, हे पाणी किती निघाले यापेक्षा ते कशामुळे साठले यावर अवलंबून असते. क्षयरोगाचे पाणी असेल आणि औषधे साधारण ६ महिने न चुकता घेतली, तर बहुतेक रुग्ण बरे होतात. हृदय कमजोर झाल्याने साठलेले पाणी बऱ्याचदा औषधांनीच ओसरते. कर्करोगाचे पाणी मात्र काढले तरी बहुधा पुन्हा भरते आणि अशा अनेक रुग्णांचे उरलेले आयुष्य महिन्यांतच मोजावे लागते. ते पाणी काढल्याने आयुष्य वाढेलच असे नाही, पण धाप कमी होऊन माणसाला आडवे पडता येते, दोन घास सुखाने खाता येतात, आणि हे काही थोडे नव्हे. वारंवार सुई टोचण्याऐवजी घरी वापरता येणारी नळी बसवणे किंवा औषधी पावडर सोडून फुफ्फुसावरची दोन आवरणे एकमेकांना चिकटवणे, हे उपायही आहेत. ‘पाणी काढलं की माणूस टिकत नाही’ या समजुतीपायी कित्येक जण उशिरा येतात. माणूस जातो तो मूळ आजाराने, सुईने नव्हे.

पाण्याच्या तपासणीचे काही अहवाल रुग्ण घरी गेल्यावर येतात आणि कुणी न्यायला न आल्याने तसेच पडून राहतात, हे मी पाहिले आहे. म्हणून कोल्हापूरच्या सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे) या सरकारी रुग्णालयापासून ग्रामीण रुग्णालयांपर्यंत आणि खासगी दवाखान्यांतही, घरी सोडताना दिल्या जाणाऱ्या कागदावर पाणी होण्याचे संभाव्य कारण, राहिलेले अहवाल आणि ते कधी, कुठे मिळतील, हे स्पष्ट मराठीत लिहून द्यावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

– एक निवृत्त परिचारिका, शिवाजी पेठ, कोल्हापूर