ब्रेकच्या तक्रारी मोजू नका, तपासा : केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्र्यांना खुले पत्र

मा. श्री. नितीन गडकरी,
केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्री,
नवी दिल्ली.

सादर नमस्कार.

मोटार वाहन कायद्यात २०१९ साली ११०अ हे कलम आलं, ते आपल्याच कारकिर्दीत. सदोष गाड्या परत बोलावण्याचा, म्हणजे 'रिकॉल'चा, आदेश कंपनीला देण्याचा अधिकार या कायद्यात सरकारला त्या कलमानं मिळाला. त्याआधी वाहन उत्पादकांच्या संघटनेनं २०१२ मध्ये आखलेली स्वेच्छेची आचारसंहिता होती. मार्च २०२१ मध्ये नियम निघाले आणि १ एप्रिलपासून लागू झाले. गाडी सात वर्षांच्या आतली असावी, मालकानं सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवावी, आणि तक्रारी ठरावीक संख्येला पोचल्या की सक्तीच्या रिकॉलची प्रक्रिया सुरू व्हावी, अशी त्यांची रचना आहे. मला लिहायचं आहे ते या ठरावीक संख्येबद्दल, आणि तेही फक्त ब्रेकपुरतं.

चाकणच्या पट्ट्यात ब्रेकच्या सुट्या भागांच्या तपासणीत माझी उमेदीची वर्षं गेली. माझ्या मुलानं हौसेनं एक परदेशी बनावटीची, पाचशेहून जास्त अश्वशक्तीची गाडी घेतली. ती जेमतेम चार महिन्यांची होती, पहिली सर्व्हिसिंगही व्हायची होती. आम्ही कराडकडून चिपळूणला निघालो होतो. कुंभार्ली घाट उतरताना एका वळणाआधी मुलानं ब्रेकवर पाय ठेवला आणि पेडल खाली जाईचना. समोरच्या पडद्यावर लाल इशारा आला. पुढे एसटी होती, माणसांनी भरलेली. मुलानं दोन्ही पायांचा जोर लावला, गिअर खाली आणला, पार्किंग ब्रेकचं बटण ओढून धरलं. गाडी डोंगराच्या बाजूच्या गटाराला घासत थांबली. मागे माझी सून आणि नात होती. कुणाला इजा झाली नाही. उजव्या हाताला दरी होती.

गाडी टो करून वर्कशॉपला नेली. काही दिवसांनी उत्तर आलं: तपासणीत दोष आढळला नाही, घाटात सतत ब्रेक वापरल्यानं ते तापले असावेत. एवढ्यावर गाडी परत न्या आणि समाधानपत्रावर सही करा, असं सांगण्यात आलं. मी सही केली नाही.

ब्रेक तापल्यानं काय होतं हे मला माहीत आहे. ऑइल उकळून त्यात वाफ झाली तर पेडल मऊ पडतं, तळाला जातं. पॅड तापून पकड सुटली तर पेडल नेहमीसारखंच दाबलं जातं, गाडी मात्र थांबत नाही, आणि जळका वास आधीपासून येऊ लागतो. आमचं पेडल दगडासारखं घट्ट झालं होतं, एका क्षणात, आणि वास अजिबात नव्हता. अशी लक्षणं दिसतात ती पायाच्या जोराला मिळणारी मदत बंद पडल्यावर. पूर्वी ही मदत इंजिनातल्या निर्वातातून मिळायची. आता अनेक नव्या गाड्यांत इलेक्ट्रिक मोटर आणि तिला हुकूम देणारा संगणक ते काम करतो. मोटर थांबली, सेन्सरनं चुकीचा संदेश दिला किंवा सॉफ्टवेअर अडलं, तर चालकाच्या पायाला मिळणारी मदत तेवढ्यापुरती बंद पडते. गाडी पुन्हा सुरू केली की सगळं सुरळीत दिसू शकतं. म्हणून 'दोष आढळला नाही' या शेऱ्याचा अर्थ 'दोष नव्हता' असा होत नाही.

या मदतीचं मोल संयुक्त राष्ट्रांच्या ब्रेकविषयक नियमावलीतल्या, कारसाठीच्या १३-एच या नियमातच दिसतं. ताशी १०० किलोमीटर वेगानं जाणारी कार ब्रेक नीट असताना ७० मीटरच्या आत थांबली पाहिजे. ब्रेकच्या यंत्रणेत बिघाड झाला, तर तीच गाडी १६८ मीटरपर्यंत थांबली तरी नियमात बसते, आणि त्यासाठी पायाचा जोर ५०० न्यूटनपर्यंत, म्हणजे सुमारे ५० किलो वजनाइतका, धरलेला आहे. धडधाकट तरुणाला तो लावता येईल. माझ्या वयाच्या माणसाला, गरोदर बाईला, गुडघे दुखणाऱ्याला तो त्या दोन सेकंदांत लावता येईल का, याचा विचार कुणी तरी करायला हवा.

आता त्या संख्येकडे येतो. किती तक्रारी आल्या म्हणजे सक्तीची कारवाई, हे त्या प्रकारची गाडी वर्षाला किती विकली जाते त्यावर ठरतं. वर्षाला ५०० पर्यंत खपणाऱ्या कारसाठी हे प्रमाण २० टक्के आहे. काच खाली न जाणं, एसी बिघडणं, रंग उडणं यासाठी असा हिशेब मी समजू शकतो. ब्रेकसाठी नाही. अशा गाड्या देशभर विखुरलेल्या असतात. एक कोचीत, एक लुधियान्यात, एक पुण्यात. मालक एकमेकांना ओळखत नाहीत. बऱ्याच जणांना असं पोर्टल आहे हेच माहीत नसतं. ज्याच्या गाडीचा ब्रेक दरीच्या तोंडाशी गेला आणि जो वाचला नाही, तो तक्रार नोंदवणार कशी? त्याच्या अपघाताच्या कागदावर 'भरधाव वेग' असंच लिहिलं जाण्याची भीती मला वाटते.

महागड्या, नव्या गाडीत असं होत नाही, असं कुणी म्हणेल तर गेल्या काही वर्षांतले रिकॉल पाहावेत. बीएमडब्ल्यूनं सप्टेंबर २०२४ मध्ये एका पुरवठादाराकडून आलेल्या एकात्मिक ब्रेक यंत्रणेतल्या दोषामुळे जगभरातल्या सुमारे १५ लाख गाड्यांना फटका बसल्याचं जाहीर केलं. पोर्शेनं त्याच वर्षी टायकानच्या पुढच्या ब्रेकच्या नळ्यांना भेगा पडू शकतात म्हणून त्या गाड्या परत बोलावल्या. फेरारीनं २०२२ मध्ये चीनमध्ये २,२२२ आणि अमेरिकेत २३,५५५ गाड्या बोलावल्या. तिथे ब्रेक ऑइलच्या टाकीचं झाकण हवा नीट आत घेत नव्हतं, आत निर्वात तयार होऊन ऑइल गळण्याचा धोका होता. एक झाकण! आणि ह्युंदाईच्या आयोनिक ५ एन या वेगवान गाडीत डाव्या पायानं ब्रेक दाबण्याच्या खास सोयीच्या सॉफ्टवेअरमध्ये दोष निघाला, तेव्हा अमेरिकेत अवघ्या १,५०८ गाड्यांसाठी रिकॉल निघाला. या कंपन्यांनी दोष मान्य केले, याबद्दल त्यांचं श्रेय त्यांना दिलंच पाहिजे. पण अमेरिकेत सुरक्षेचा दोष आहे असं ठरल्यावर पाच कामाच्या दिवसांत सरकारला कळवणं कंपनीला बंधनकारक आहे, आणि तिथल्या महामार्ग सुरक्षा यंत्रणेकडे आलेल्या तक्रारी कुणालाही वाचता येतात. तिथला मालक एकटा पडत नाही.

आमच्या बाबतीत सगळ्यात जास्त जिवाला लागलेली गोष्ट पुराव्याची आहे. त्या क्षणी पेडल किती दाबलं गेलं, मोटरला काय हुकूम गेला, दाब किती तयार झाला, यातलं बरंचसं गाडीच्या संगणकात नोंदलं जातं. ते वाचायचं साधन कंपनीकडे. त्याचा अर्थ लावणारी माणसंही कंपनीचीच. आम्ही मूळ नोंदी मागितल्या, मिळालं एक पानाचं पत्र. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघरजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाला तेव्हा साऱ्या महाराष्ट्रानं हे पाहिलं. टक्कर होण्याच्या पाच सेकंद आधी ब्रेक दाबला गेला, वेग १०० वरून ८९ वर आला, ही माहिती पोलिसांना गाडी बनवणाऱ्या कंपनीकडूनच मिळाली. त्या माहितीवर मला संशय घ्यायचा नाही. पण एवढ्या मोठ्या तपासातही जर उत्पादकाकडेच जावं लागत असेल, तर पाटणच्या किंवा चिपळूणच्या पोलीस ठाण्यातल्या तपास अधिकाऱ्यानं काय करावं? मोटार वाहन निरीक्षक पेडल पाहील, ऑइल पाहील, नळ्या पाहील. सॉफ्टवेअर उघडायला त्याच्या हातात काय आहे?

चीनमध्ये एप्रिल २०२१ मध्ये शांघायच्या वाहन प्रदर्शनात एक महिला 'ब्रेक निकामी' असं छापलेला सदरा घालून टेस्लाच्या गाडीच्या टपावर चढली होती. तिची मागणी अपघाताआधीच्या नोंदींची होती. ब्रेक खरोखर निकामी होते की नाही, यावर मी बोलणार नाही. पण नोंदी मिळवण्यासाठी माणसाला टपावर चढावं लागू नये. १ जानेवारी २०२२ पासून चीननं नव्या कारमध्ये अपघाताच्या नोंदी ठेवणारं उपकरण सक्तीचं केलं, युरोपीय संघानं जुलै २०२४ पासून सर्व नव्या कारसाठी केलं. अमेरिकेत २०१५ च्या कायद्यानं त्या नोंदींची मालकी गाडीच्या मालकाची ठरवली. चीनमध्ये तर खरेदीपासून ६० दिवस किंवा ३,००० किलोमीटरच्या आत ब्रेक निकामी झाला, तर गाडी बदलून घेण्याचा किंवा परत करण्याचा हक्क २०१३ पासून आहे. आपल्याकडे ५० लाखांच्या वरची, दोन कोटींपर्यंतची गाडी असेल तर मालकानं राज्य ग्राहक आयोगाकडे जायचं आणि दोष सिद्ध करण्यासाठी तज्ज्ञांचा अहवाल मिळवायला धावायचं.

'ब्रेक फेल' हे निमित्त म्हणूनही सांगितलं जातं, हे मला ठाऊक आहे. २० नोव्हेंबर २०२२ रोजी पुण्याच्या नवले पुलावर एका ट्रकनं ४८ गाड्यांना ठोकलं, तेव्हा सुरुवातीला ब्रेक निकामी झाल्याचंच ऐकू येत होतं. तपासात मात्र चालकानं उतारावर इंजिन बंद केल्याचं पुढे आलं. म्हणूनच मी त्रयस्थ तपासणी मागतो आहे. मुलाची चूक असेल तर तीही त्यात दिसू दे.

ही पैसेवाल्यांची तक्रार आहे असं आपल्या अधिकाऱ्यांना वाटू नये. त्या वळणावर आमच्या पुढे एसटी होती. शिवाय इलेक्ट्रिक मदतीचे ब्रेक आता मध्यमवर्गीयांच्या विजेवरच्या गाड्यांतही आले आहेत. समृद्धी महामार्गावर ताशी १२० ची परवानगी आहे. तिथे असा बिघाड झाला तर गटाराची भिंत मदतीला येणार नाही.

यासाठी नवा कायदा करावा लागणार नाही. कलम ११०अ मध्ये मालकांच्या टक्केवारीबरोबरच चाचणी संस्थेकडून किंवा अन्य कोणत्याही स्रोताकडून दोष कळला तरी सरकार आदेश देऊ शकतं, असं लिहिलेलं आहे. आपण एवढंच करावं : ब्रेक आणि स्टिअरिंगच्या तक्रारी संख्येच्या अटीतून बाहेर काढाव्यात. अशी पहिलीच तक्रार आली की गाडी पुण्याच्या एआरएआय, मानेसरच्या आयकॅट किंवा अहिल्यानगरच्या व्हीआरडीईसारख्या वाहन चाचणी संस्थेकडे ठरलेल्या मुदतीत जावी, खर्च कंपनीनं उचलावा. मूळ नोंदींची प्रत मालकाला आणि त्या संस्थेला एकाच दिवशी मिळावी, आणि तोवर कंपनीनं गाडीच्या सॉफ्टवेअरला हात लावू नये. पोर्टलवरच्या तक्रारी, मालकाचं नाव झाकून, सगळ्यांना वाचता याव्यात, म्हणजे कोचीच्या मालकाला पुण्याचा अनुभव कळेल. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आपण राज्यात मंत्री असताना आकाराला आला, गाड्यांना धडक चाचणीवरून तारे देणारं भारत एनकॅप आपण सुरू केलं. धडक झाल्यावर गाडी माणसाला किती वाचवते, हे आता ताऱ्यांनी मोजलं जातं. धडक होऊच नये म्हणून जो भाग आहे, त्याच्या तक्रारीला दार हवं.

वर्कशॉपनं आम्हाला नवं सॉफ्टवेअर भरून देतो असंही सांगितलं होतं. आम्ही नकार दिला, कारण त्यानं जुन्या नोंदी पुसल्या जातील अशी भीती आहे. गाडी तेव्हापासून आमच्या दारात झाकून उभी आहे, कुणी चालवलेली नाही. आपण सांगाल त्या सरकारी चाचणी संस्थेत ती आम्ही आमच्या खर्चानं आणून पोचवू. कोणत्या दिवशी आणायची, एवढं कळवावं.

आपला विश्वासू,
पुण्याचा एक नागरिक