बॅरी म्हणजे केवळ ‘पीटर पॅन’ नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कधीच मोठा न होणाऱ्या मुलाच्या ‘पीटर पॅन’ या नाटकावरचा आपल्या रविवारच्या पुरवणीतील लेख आस्थेने वाचला, मात्र त्यात नाटककार जे. एम. बॅरी यांची ओळख ‘इंग्रज बालसाहित्यिक’ एवढ्या दोन शब्दांत उरकली, याचे वाईट वाटले. बॅरी स्कॉटिश होते, आणि त्यांच्या बाबतीत हा भेद किरकोळ नाही, कारण त्यांच्या सुरुवातीच्या लेखनाची सारी मुळे स्कॉटलंडमधील एका विणकरांच्या गावात आहेत.

अँगस परगण्यातील किरिम्यूर येथे ९ मे १८६० रोजी हातमाग विणकराच्या घरी त्यांचा जन्म झाला. दहा भावंडांतले ते नववे. ते सहा वर्षांचे असताना मोठा भाऊ डेव्हिड बर्फावरील अपघातात दगावला आणि आईने अंथरूण धरले. अंधाऱ्या खोलीत पावलांची चाहूल लागून तिने ‘तूच का रे?’ असे विचारले, तेव्हा ती गेलेल्या मुलालाच विचारते आहे असे वाटून, तो नव्हे, आपणच आलो आहोत, असे या लहानग्याने सांगितले. बॅरींनी ‘मार्गारेट ऑगिल्व्ही’ (१८९६) या आईवरील पुस्तकात हा प्रसंग लिहिला आहे, आणि तो वाचल्यावर पीटर पॅन हा मोठा न होणारा मुलगा केवळ गंमत म्हणून सुचला असेल, असे मला तरी वाटत नाही.

आईकडून ऐकलेल्या जुन्या गावगोष्टींतूनच ‘ऑल्ड लिख्ट आयडिल्स’ (१८८८) आणि ‘अ विंडो इन थ्रम्स’ (१८८९) ही पुस्तके घडली. त्यांत किरिम्यूरचे नाव ‘थ्रम्स’ झाले. कापड कापून घेतल्यावर मागावर उरणाऱ्या सुतांना, म्हणजे आपल्याकडच्या दशांना, विणकर हाच शब्द वापरत. ‘द लिटल मिनिस्टर’ (१८९१) या कादंबरीचे त्यांनी १८९७ साली स्वतःच नाटक केले आणि रंगभूमीवर त्यांचा पाय भक्कम रोवला गेला.

१९०४ साली ‘पीटर पॅन’ रंगमंचावर आले आणि १९२९ मध्ये त्याचे हक्क बॅरींनी लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट येथील मुलांच्या रुग्णालयाला देऊन टाकले, हे सर्वश्रुतच आहे. माझा आग्रह आहे तो १९१० सालच्या ‘द ट्वेल्व्ह पाउंड लुक’ या एकांकिकेसाठी. ‘सर’ किताब मिळण्याच्या बेतात असलेला हॅरी सिम्स अभिनंदनाच्या पत्रांना उत्तरे लिहिण्यासाठी टंकलेखिका बोलावतो, आणि येते ती त्याची पहिली पत्नी केट. ती परपुरुषासाठी गेली, अशी त्याची समजूत. प्रत्यक्षात टंकलेखन शिकून, यंत्राच्या किमतीचे बारा पौंड कमावून होताच तिने त्याचे घर सोडलेले असते. ती निघून गेल्यावर आताची पत्नी नवऱ्याला इतकेच विचारते, की ती यंत्रे फार महाग असतात का? ब्रिटनमधील स्त्रियांना संसदेच्या निवडणुकीत मताचा अधिकारही नव्हता, त्या काळातला हा प्रश्न आहे.

जहाज फुटल्यावर निर्जन बेटावर बटलरच मालकांचा मालक होतो, ते ‘द ॲडमिरेबल क्रायटन’ (१९०२) हे नाटकही याच लेखणीचे आहे. या दोन नाट्यकृतींवर पुरवणीत सविस्तर लेख यावा आणि बॅरींच्या राष्ट्रीयत्वाबाबतची चूक पुढील अंकात दुरुस्त व्हावी, ही विनंती.

आपला नियमित वाचक