इतिवृत्तात न आलेलं

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

निवृत्तीच्या आधीच्या आठवड्यात कपाट रिकामं करत होते, तेव्हा लोकांना बरोबर घेऊन आपल्या दवाखान्याचा कारभार बघणाऱ्या रुग्ण कल्याण समितीच्या सभांची फाईल हाती लागली. इन्चार्ज सिस्टर म्हणून मी त्या सभांना बसायचे, म्हणून एक प्रत माझ्याकडे राहिलेली. उभ्या उभ्या चाळायला लागले आणि खाली बसून पूर्ण वाचली. प्रत्येक सभेत तुमचं नाव आहे. 'उपस्थित सदस्य' या यादीत, शेवटून दुसरं. त्यापुढे कुठेच नाही. 'सदर विषयावर चर्चा होऊन ठराव सर्वानुमते मंजूर करण्यात आला' एवढंच. ती चर्चा कुणी काढली आणि किती सभांमध्ये पुन्हा पुन्हा काढली, याची एक ओळही त्या फाईलमध्ये नाही. मी त्या खोलीत होते, ताई. मला माहीत आहे. ते कुठेतरी लिहिलेलं असावं म्हणून हे पत्र चार लोकांत लिहिते आहे.

तुमची पहिली सभा मला नीट आठवते. दाराजवळच्या खुर्चीवर बसला होतात, मांडीवर वही. बचत गटाचा हिशेब लिहिता तसलीच, लांबट. वैद्यकीय अधीक्षकांनी पहिला विषय घेतला, 'मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे', आणि सहीचं रजिस्टर फिरायला लागलं. ते तुमच्यापर्यंत आलं तेव्हा तुम्ही पेन हातात धरून म्हणालात, "साहेब, वाचून म्हणता, पण वाचलं तर कुणीच नाही." खोलीत सगळे गप्प झाले. खरं सांगते, मला तेव्हा राग आला होता. ओपीडीची वेळ, वॉर्डात दोन बायका कळा देत होत्या, आणि ही बाई वेळ खाते आहे असं वाटलं. पण अधीक्षकांनी वाचायला घेतलं. तिसऱ्या पानावर आलं, 'लेबर रूमकरिता इन्व्हर्टर खरेदी करण्यास मंजुरी.' तुम्ही विचारलंत, "मग आला का?"

आला नव्हता. त्याच्या आधीच्या सभेतही तोच ठराव होता. दोनदा मंजूर झालेला इन्व्हर्टर कागदावरच होता, आणि लाईट गेली की आम्ही एका हाताने मोबाईलचा उजेड धरून टाके घालत होतो. मला हे रोज दिसत होतं. वॉर्डच्या रजिस्टरमध्ये मी ते लिहिलंही होतं. पण सभेत तोंड उघडलं नव्हतं, कारण इतक्या वर्षांत मला त्याची सवय झाली होती. तुम्हाला ती सवय नव्हती. पुढच्या सभेच्या आधी इन्व्हर्टर बसला.

माझं नर्सिंगचं शिक्षण झालं तेव्हा प्राथमिक आरोग्यसेवेबद्दलच्या १९७८च्या आंतरराष्ट्रीय अल्मा आटा घोषणापत्रावर हमखास प्रश्न यायचा. आपल्या आरोग्यसेवेचं नियोजन आणि अंमलबजावणी यांत सहभागी होणं हा लोकांचा हक्कही आहे आणि कर्तव्यही, असं त्यात म्हटलं आहे. ते उत्तर मी पाठ केलं होतं, आणि परीक्षेनंतर ते वाक्य माझ्या कामात कधी आलंच नाही. लोक म्हणजे आमच्यासाठी रांगेत उभे असलेले पेशंट आणि दारात गर्दी करणारे नातेवाईक. त्यांच्यापैकी कुणी टेबलाच्या आमच्या बाजूला बसून हिशेब मागेल, हे मनात आलं नव्हतं.

आणि या समितीची सुरुवातही तशीच झालेली. तुम्ही एकदा विचारलं होतंत की हे सगळं कुठून आलं, तेव्हा अधीक्षकांनी इंदूरची गोष्ट सांगितली होती. १९९४ साली, सुरतेत प्लेगची भीती पसरली त्याच सुमारास, तिथलं महाराजा यशवंतराव रुग्णालय उंदरांनी इतकं पोखरलं होतं की रुग्ण हलवून ते रिकामं करावं लागलं, आणि मग शहरातल्या लोकांना बरोबर घेऊन ते साफ केलं गेलं. त्यातून मध्य प्रदेशात रोगी कल्याण समित्या उभ्या राहिल्या. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं आणि ती कल्पना देशभरातल्या सरकारी दवाखान्यांत गेली. आपल्याकडे नाव झालं रुग्ण कल्याण समिती. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "म्हणजे लोकांनी आत यावं म्हणूनच समिती आहे. मग मी विचारलं तर कुणी वाईट वाटून घेऊ नका." त्या दिवसापासून मी वाईट वाटून घेणं सोडलं.

'अबंधित निधी' या शब्दावर तुम्ही अडलात तेही आठवतं. त्याचा अर्थ आम्ही नीट सांगू शकलो नाही. हा पैसा दवाखान्याच्या गरजेप्रमाणे स्थानिक पातळीवर ठरवून वापरायचा असतो हे कळल्यावर तुम्ही वही उघडलीत. वर्षाच्या सुरुवातीला शिल्लक किती, आले किती, गेले किती, उरले किती. बचत गटात दर महिन्याला बायकांसमोर वाचता तसं वाचून दाखवा म्हणालात. वाचल्यावर सगळ्यांनाच दिसलं की बराचसा खर्च मार्च महिन्यात, घाईघाईने झाला होता. त्यात काही काळंबेरं नव्हतं. पण वर्षभर कुणी काय हवं ते विचारलं नाही की शेवटी खुर्च्या आणि रंगकाम एवढंच सुचतं.

मग तुम्ही वॉर्डात बसायला लागलात. मंगळवारी, बाजाराच्या दिवशी. कुणी तुम्हाला ते सांगितलं नव्हतं, त्याचे पैसेही मिळत नव्हते. उलट सभेच्या आणि मंगळवारच्या दिवशी तुमचं शिलाई मशीन बंद राहायचं आणि तेवढा रोज बुडायचा. तीन वेळा तर तुम्ही येऊन बसल्यावर सभा तहकूब झाली. एकदाही त्याचा उच्चार केला नाहीत. मीच आज करते आहे, कारण 'स्वयंसेवा' हा शब्द आपण फार सहज वापरतो आणि त्यात कुणाचा दिवस मोडला ते बघत नाही.

कडीची गोष्ट तर मी निवृत्तीच्या भाषणातही सांगितली. बाळंतिणींच्या वॉर्डातल्या संडासाच्या दाराला आतून कडी नव्हती. किती दिवस नव्हती, देव जाणे. बायका जोडीने जायच्या, एक आत, एक बाहेर दार धरून. मी रोज त्यांना जाताना बघत होते आणि मला वाटायचं, सोबतीला जातात. ओल्या बाळंतिणीला दार धरायला माणूस लागतो, हे तुम्ही कॉटवर शेजारी बसून विचारलंत तेव्हा कळलं. इतक्या छोट्या गोष्टीला ठराव कशाला, असं एक सदस्य म्हणाले. तुम्ही म्हणालात, "ठरावाशिवाय बसवता येत होती ना? मग का नाही बसली?" दुसऱ्या दिवशी सुतार आला.

तसाच तो बोर्ड. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम २०११ पासून आहे. बाळंतपण मोफत, सिझर झालं तरी मोफत, औषधं, तपासण्या, जेवण, दवाखान्यात यायला गाडी आणि घरी सोडायलाही गाडी, हे सगळं भिंतीवरच्या बोर्डावर रंगवलेलं होतं. पण भिंतीवर जिथे ते होतं, तिथे वॉर्डाचं दार उघडून लागायचं आणि बोर्ड दिवसभर दाराआड जायचा. दार बंद व्हायचं ते रात्री. तुम्ही तो कॉटच्या समोर लावून घेतलात, आणि ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना स्वतः सांगितलंत की साधं बाळंतपण असेल तर तीन दिवस आणि सिझर असेल तर सात दिवस जेवण मिळतं, घाईने निघू नका. त्याआधी बाया दुसऱ्या दिवशी सकाळी गाठोडं बांधून पायरीवर भाड्याच्या जीपची वाट बघत बसायच्या. आम्ही त्यांना 'ऐकत नाहीत' म्हणायचो.

आता त्या रात्रीबद्दल. त्याबद्दल मी तुमच्याशी कधी नीट बोलले नाही.

आपलं तीस खाटांचं ग्रामीण रुग्णालय. भूलतज्ज्ञाची जागा रिकामी. त्या रात्री एक बाई अडली, सिझरशिवाय गत्यंतर नव्हतं, आणि भूल द्यायला कुणी नाही म्हणून तिला सिव्हिलला, म्हणजे जिल्हा रुग्णालयात, पाठवावं लागलं. नातेवाईकांनी आम्हाला नको ते बोलून घेतलं. एकाने मला भिंतीवर ढकललं. बाई आणि बाळ वाचले, पण मी सकाळपर्यंत ड्युटीरूममध्ये थरथरत बसले होते. सकाळी तुम्ही आलात. मला वाटलं, आता हीसुद्धा जाब विचारणार. तुम्ही माझ्यासाठी चहा मागवलात, माझं सगळं ऐकलंत, आणि मग बाहेर जाऊन त्या माणसांचंही सगळं ऐकलंत. ज्याने मला ढकललं त्याला घेऊन आलात, त्याने माफी मागितली. नंतर मला म्हणालात, "सिस्टर, रेफरचं रजिस्टर बघू या." भूलतज्ज्ञ नाही या एका कारणासाठी वर्षभरात कुणाकुणाला पाठवलं, ते आपण दोघींनी मिळून काढलं. नावं वगळून, तारीख आणि वेळ. यादी एका पानात मावली नाही.

ती यादी घेऊन तुम्ही जनसंवादात, म्हणजे लोक आणि आरोग्य अधिकारी समोरासमोर येतात त्या सभेत, उभ्या राहिलात. हे जनसंवाद ज्याचा भाग आहेत ते लोकाधारित देखरेखीचं, म्हणजे दवाखान्याच्या कामावर लोकांनीच लक्ष ठेवण्याचं, काम महाराष्ट्रात २००७ साली अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे आणि ठाणे या पाच जिल्ह्यांत सुरू झालं आणि नंतर पसरलं. दवाखान्याला हिरवा, पिवळा, लाल असा शेरा देणारी ती पत्रकं आमच्याकडे आली तेव्हा आम्ही कर्मचारी धास्तावलो होतो. सगळ्यांसमोर आमच्या चुका मोजणार, अशी भीती. तुम्ही तिथे आमच्या चुका लपवल्या नाहीत. पण डॉक्टर आणि सिस्टर यांच्या हातात काय आहे आणि वरच्यांच्या हातात काय आहे, हे तुम्ही वेगळं करून मांडलंत. 'कडी समितीची, भूलतज्ज्ञ जिल्ह्याचा' असं तुमचं वाक्य होतं. माझ्या उभ्या नोकरीत आमची बाजू इतक्या नेमकेपणाने कुणी मांडली नव्हती.

भूलतज्ज्ञाची जागा माझ्या निवृत्तीपर्यंत भरली गेली नाही. हे लिहिताना वाईट वाटतं, पण ते आहे तसंच लिहायला हवं. ठरलेल्या दोन दिवशी बाहेरचे भूलतज्ज्ञ बोलावण्याची सोय झाली. आणि त्यावर तुम्ही जे सुचवलंत ते माझ्या मते तुमचं सगळ्यात मोठं काम. ते दोन दिवस कोणते हे गावोगावच्या सगळ्या आशा सेविकांना आधी कळवायचं, आणि जोखमीची बाई असेल तर बाकीच्या दिवशी तिने आपल्याकडे थांबून वेळ घालवू नये, थेट सिव्हिल गाठावं. कुणाची खरेदी नाही, ठरावाचीही गरज नाही, फक्त निरोप. त्यानंतर रात्री-अपरात्री धावाधाव करून पाठवाव्या लागणाऱ्या बायका आमच्याकडे कमी झाल्या. हे मी लेबर रूममध्ये उभी राहून पाहिलं आहे.

पावसाळ्याआधीच्या प्रत्येक सभेत सर्पदंशाच्या लसीचा साठा विचारणं हेही तुमचंच. आणि १५ ऑगस्ट २०२३ पासून सरकारी दवाखान्यांत उपचार मोफत झाले, केसपेपरचे पैसे बंद झाले, त्या दिवशी खिडकीपाशी उभ्या राहून तुम्ही हसत होतात, तेही मला दिसलं होतं. पैसे नाहीत म्हणून खिडकीवरून परत फिरणाऱ्या म्हाताऱ्यांना सूट द्या, हे तुम्ही त्याआधी किती सभांमध्ये बोलला होतात. फी गेली म्हणजे समितीच्या हातातली ती आवक गेली, हेही पहिल्यांदा तुम्हीच लक्षात आणून दिलंत, आणि उरलेल्या निधीचा हिशेब ओपीडीच्या भिंतीवर लावायला लावलात.

काही वेळा तुमचं चुकलंही. स्वच्छतेवरून तुम्ही एका कक्षसेवकाला सर्वांसमोर बोललात, आणि तो एकटाच तीन जणांचं काम करत होता हे तुम्हाला नंतर कळलं. पुढच्या सभेत तुम्ही त्याला खोलीत बोलावून घेतलंत आणि सगळ्यांसमोरच माफी मागितलीत. तेही इतिवृत्तात नाही.

आता तुमची मुदत संपली आहे असं ऐकलं, आणि तुमच्या जागी एक तरुण मुलगी येते आहे. ती परवा माझ्याकडे आली होती. विचारत होती, सभेत काय बोलायचं असतं? मी तिला फाईलची प्रत दिली आणि सांगितलं, आधी ताईंकडे जा, त्यांची लांबट वही माग. तिने मागितली तर द्याल ना? त्यात कडीची तारीख आहे, इन्व्हर्टरची आहे, आणि ज्या गोष्टी अजून झाल्या नाहीत त्यांच्या पुढे तुम्ही मारलेल्या फुल्या आहेत. भूलतज्ज्ञापुढची फुली तिला आधी दाखवा.

ताई, मनापासून आभार. माझ्याकडून, आणि दार धरायला सोबत न लागलेल्या त्या सगळ्या बाळंतिणींकडून.

तुमची,
सिस्टर
(निवृत्त अधिपरिचारिका, ग्रामीण रुग्णालय)