छाट लिहून ठेवा

चि. मेधास,

अनेक उत्तम आशीर्वाद.

विडी युनियनच्या मोर्चाला हजारभर बाया येतात आणि कमिटीच्या बैठकीला तिघी-चौघीच, असं तू सोलापूरहून लिहिलंस. त्याचं खापर बायांवर फोडू नकोस. संध्याकाळी सात म्हणजे घरोघरी स्वयंपाकाची वेळ, आणि उद्याच्या विड्यांसाठी तेंदूचं पान भिजवायचं असतं ते वेगळंच. विडीवाल्या बाया एकत्र सापडतात त्या ब्रँचमध्ये, म्हणजे कारखान्याच्या माल देण्याघेण्याच्या शाखेत. वळलेला माल द्यायला आणि पान-तंबाखू घ्यायला त्या रांगेत उभ्या असतात. बैठक तिथेच, रांग मोडल्यावर, वीस मिनिटांची घे. विषयही तिथेच माल तपासायच्या टेबलावर पडलेला असतो: छाट, म्हणजे खराब म्हणून नाकारलेल्या विड्या.

छाट समजल्याशिवाय तुला या युनियनमध्ये काही करता येणार नाही, म्हणून नीट लिहिते.

हजार विड्यांना साधारण सहा-सातशे ग्रॅम पान आणि दोनशे-अडीचशे ग्रॅम तंबाखू लागते. पान वजनावर मिळतं आणि माल नगावर मोजून घेतात, सगळी गोम इथेच आहे. पत्र्याचा फर्मा पानावर ठेवून कात्रीने तुकडा कापतात. मोठ्या, पातळ पानातून दोन तुकडे निघतात. जाड शिरांचं पान वजनाला भरतं, पण शीर चुकवून कापावं लागतं, म्हणून एकच निघतो. भोकं पडलेलं, काळे डाग आलेलं पान तर टाकूनच द्यावं लागतं. मग हजार भरायला बाई पदरच्या पैशाने बाजारातून पान आणते. म्हणजे मजुरीतून आधीच काही रुपये गेले, आणि ते कुठल्याच कागदावर दिसत नाहीत.

त्यानंतर टेबलावर छाट निघते. विडी सैल आहे, तोंड नीट दुमडलेलं नाही, दोरा सुटतोय, पान फाटलंय. यातले दोष दोन प्रकारचे आहेत हे लक्षात घे. सैल वळण, सुटा दोरा, उघडं तोंड हे हाताचे दोष. फाटणं, डाग, भोक हे बहुतेक वेळा पानाचे. पान कमी भिजलं तर वळताना तडकतं आणि जास्त वेळ ओलं राहिलं तर काळं पडतं, तो दोष मात्र बाईकडे येतो. युनियनच्या वहीत या दोन्हींचे रकाने वेगळे कर. एकत्र लिहिलंस तर मालक सगळं 'हात वाईट' या सदरात घालतो.

१९६६ च्या विडी-सिगार कामगार कायद्याखाली महाराष्ट्राने जे नियम केले, त्यांत सामान्यपणे पाच टक्क्यांच्या वर छाट काढू नये असं होतं. बाईने जाणूनबुजून हयगय केलेली नसेल तर छाटीत गेलेल्या विड्यांचीही निम्म्या दराने मजुरी द्यायची होती. कारखानदारांनी या कायद्याला आणि नियमांना आव्हान दिलं. सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्ये ते कायम ठेवले. हिशेब बघ. रोजच्या हजारात ८० विड्या छाटल्या आणि त्यांचा छदामही दिला नाही, तर ८० विड्यांची मजुरी बुडाली. नियमाप्रमाणे फार तर ५० छाटायच्या आणि त्यांची निम्मी मजुरी द्यायची, म्हणजे बुडणार फक्त २५ ची. फरक रोजचा ५५ चा. महिन्याला २४ दिवस काम धरलं तर १,३२० विड्या. सव्वा दिवसाहून जास्त काम फुकट, दर महिन्याला, दर बाईचं. भाषणात 'शोषण' हा शब्द दहादा म्हणण्यापेक्षा हा आकडा एकदा फळ्यावर लिही.

याच छाटीने बायांना एक मोठी लढाई जिंकूनही दिली आहे, आणि ती गोष्ट प्रत्येक बाईला कळायला हवी. १९७७ मध्ये विडी उद्योगाला भविष्य निर्वाह निधी लागू झाला, तेव्हा कारखानदारांनी म्हटलं, या बाया घरी बसून वळतात, आमच्या देखरेखीखाली नाहीत, म्हणून आमच्या कामगारच नाहीत. पी. एम. पटेल अँड सन्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये सांगितलं की माल नाकारण्याचा हक्क मालकाकडे आहे, तेच त्याचं नियंत्रण. घरी वळणारी बाईही कामगारच. ज्या टेबलावर तिची मजुरी कापली जाते, त्याच टेबलावर ती कामगार असल्याचा पुरावा तयार होतो. फक्त तो लिहून ठेवायला हवा. तोंडी छाट मालकाच्या सोयीची असते.

म्हणून प्रत्येक बाईचं कामाच्या नोंदीचं पासबुक. त्यात तारीख, दिलेलं पान-तंबाखू, घेतलेल्या विड्या, छाट आणि मजुरी एवढं त्याच दिवशी आणि शाईने लिहिलेलं असलं पाहिजे. यात ठरलेल्या खोड्या होतात. आणल्या हजार आणि लिहिल्या सहाशे, म्हणजे भविष्य निर्वाह निधी सहाशेवरच भरला जातो. पासबुक सासूच्या नावावर आणि वळते सून, म्हणजे सुनेची नोकरी कुठेच दिसत नाही. पासबुकावर 'लक्ष्मीबाई' आणि आधारवर 'लक्ष्मी', आडनाव एकीकडे माहेरचं आणि दुसरीकडे सासरचं. पेन्शनला दहा वर्षांची सेवा लागते आणि साठीला आलेली बाई नावातल्या एका अक्षरापायी फेऱ्या मारत बसते. नावं दुरुस्त करण्याचं काम आजच हाती घे, हक्काचा दावा करायच्या वेळी नव्हे.

कागदाची ताकद तुझ्या शहराजवळच उभी आहे. कुंभारीला कॉम्रेड गोदूताई परुळेकरांच्या नावाने विडी कामगार बायांची दहा हजार घरं झाली. कामगार पुढारी नरसय्या आडम मास्तरांनी आणि सीटू या कामगार संघटनेने तो लढा चालवला, २००६ मध्ये घरांचं लोकार्पण झालं. खर्चात केंद्र, राज्य आणि कामगार असे वाटे होते. अशा योजनेत बाई विडी कामगार असल्याचं ओळखपत्र लागतं, आणि त्यासाठी नाव आधी कारखान्याच्या दप्तरात असावं लागतं. मोर्चांनी मंजुरी मिळाली, पण घराच्या यादीत नाव टिकतं ते कागदावर.

वाटाघाटीला फक्त पुरुष पुढारी पाठवू नका, हे मात्र मी आग्रहाने सांगते. पान ओळखणारी बाई समोर बसली पाहिजे. त्या दिवशी ब्रँचमधून मिळालेलं पान न निवडता तसंच घेऊन जा, व्यवस्थापकासमोर वजन करा, आणि तिला फर्मा ठेवून कापू द्या. किती तुकडे निघाले ते तिथेच मोजा आणि त्यावर दोन्ही बाजूंच्या सह्या घ्या. बायांना बोलता येत नाही असं कुणी म्हटलं तर त्याला सांग, नारायण मेघाजी लोखंड्यांनी २४ एप्रिल १८९० ला मुंबईत गिरणी कामगारांची सभा भरवली, तिथे दहा हजारांपुढे दोन कामगार बाया बोलल्या होत्या. रविवारची सुट्टी त्याच वर्षी मिळाली.

२०२० च्या श्रमसंहितांनी १९६६ चा कायदा पोटात घेतला आहे. त्यामुळे अर्जात जुन्या नियमाचा क्रमांक घालून मोकळी होऊ नकोस. नव्या संहितेखालचे नियम आणि किमान वेतनाची चालू अधिसूचना समोर ठेवूनच मसुदा कर. आणि सोलापूरच्या पूर्व भागात पत्रकं वाटणार असशील तर ती तेलुगूतही छाप. तिथल्या तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली घरांतल्या म्हाताऱ्या बायांना नुसतं मराठी वाचून दाखवलं की त्या मान डोलावतात आणि विचारायचं ते मनातच ठेवतात.

वहीचे रकाने आखलेस की एका पानाचा फोटो पाठव. पहिल्या आठवड्याच्या नोंदी आपण दोघी मिळून तपासू.

तुझी,
आई